लोकपालाकडे तक्रार गेली, आता पुढे काय?

चोपडा, रावेर, साक्री, शहादा, तालुका कुठलाही असो, बँक खात्यातल्या फसवणुकीची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे पाठवलेल्या माणसाचा पहिला प्रश्न एकच असतो: ‘मना पैसा कव्हय येतीन, भाऊ?’ प्रश्न रास्त आहे. कापसाचे किंवा केळीचे वर्षाचे पैसे एका संध्याकाळी खात्यातून निघून गेले. बँकेने ‘आमची जबाबदारी नाही’ असं लेखी कळवलं. मग कुणाच्या तरी मदतीने ऑनलाइन तक्रार टाकली. आता हातात आहे तो एक लांबलचक तक्रार क्रमांक. घरचे रोज विचारतात आणि सांगण्यासारखं काही नसतं. मी अशा लोकांची कागदपत्रं लावून देतो. आत काय चाललंय हेच कळत नसल्यामुळे माणूस फार खचतो, हे मी जवळून पाहतो. म्हणून आत काय चालतं ते सांगतो.

आधी लोकपाल म्हणजे कोण ते. हा रिझर्व्ह बँकेने नेमलेला अधिकारी. पूर्वी बँकांसाठी वेगळा, वित्त कंपन्यांसाठी वेगळा आणि डिजिटल व्यवहारांसाठी वेगळा, अशा तीन योजना होत्या. १२ नोव्हेंबर २०२१ पासून त्या एकत्र करून ‘एकात्मिक लोकपाल योजना’ झाली. तक्रारीला फी नाही. ऑनलाइन जमत नसेल तर साध्या कागदावर लिहून चंदीगडला रिझर्व्ह बँकेच्या तक्रार स्वीकृती केंद्राकडे टपालाने पाठवता येते. पत्ता असा: चौथा मजला, सेक्टर १७, सेंट्रल व्हिस्टा, चंदीगड १६००१७. आणि ती मराठीत लिहिलेली चालते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण इंग्रजी येत नाही म्हणून तक्रारच केली नाही असे लोक आपल्याकडे गावोगाव आहेत. १४४४८ या क्रमांकावर मराठीतून माहितीही मिळते.

मात्र प्रत्येक संस्था या लोकपालाखाली येत नाही. सरकारी आणि खासगी बँका, ग्रामीण बँका आणि बहुतेक मोठ्या नागरी सहकारी बँका येतात. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका नोव्हेंबर २०२५ पासून आल्या. पतसंस्था येत नाहीत. खान्देशात पतसंस्थांत ठेवी अडकून बसलेली कितीतरी घरं आहेत, आणि त्यातले काही जण रिझर्व्ह बँकेकडे अर्ज करून महिनोन्‌महिने उत्तराची वाट पाहतात. त्यांचा रस्ता सहकार खात्याकडून जातो, म्हणजे जिल्हा उपनिबंधकांकडून. पतसंस्था मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत नोंदलेली, असेल तर केंद्रीय निबंधकांकडून. विम्याची तक्रार विमा लोकपालाकडे जाते आणि शेअर किंवा म्युच्युअल फंडाची सेबीच्या स्कोअर्स या व्यवस्थेकडे. चुकीच्या दारात वाट पाहण्यात वेळ घालवू नका.

लोकपाल नेमकं काय ठरवतो

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. बांधाची मोजणी करायला आलेला भूकरमापक विहिरीवरून चोरीला गेलेली मोटर शोधत नाही. तसंच लोकपाल चोर शोधत नाही. चोर शोधणं हे पोलिसांचं काम. त्यासाठी १९३० हा क्रमांक, सायबर गुन्ह्यांचं सरकारी पोर्टल आणि जिल्ह्याचं सायबर पोलीस ठाणं आहे. लोकपालासमोर प्रश्न एकच असतो: बँकेने तिच्यावर बंधनकारक असलेलं काम नीट केलं की नाही? योजनेच्या भाषेत, सेवेत त्रुटी झाली का?

म्हणून ‘माझे पैसे चोरीला गेले, गरीब माणूस आहे, न्याय द्या’ एवढंच लिहिलेली तक्रार खरी असली तरी लंगडी पडते. ‘इतक्या वाजता मी बँकेला कळवलं, त्यानंतरही इतक्या वाजता खात्यातून आणखी पैसे गेले’ हे वाक्य लोकपालाच्या कामाचं आहे. दुःख खरं आहे, पण फाइलमध्ये वेळ बोलते.

एक उदाहरण घेऊ. यातला माणूस मी रचलेला आहे, पण प्रकार रोजचा. चोपड्याजवळच्या एका गावचे आप्पा. दुसऱ्या शनिवारच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, व्हॉट्सअपवर ‘पीएम किसान’ नावाची एक फाइल आली. हप्ता अडकलाय म्हणून त्यांनी ती उघडली आणि फोनमध्ये ॲप बसलं. त्या ॲपने फोनवर येणारे मेसेज वाचायला सुरुवात केली. संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटांनी ५०,००० गेले, ६.१४ ला आणखी ५०,०००, ६.२१ ला ४८,०००. पुतण्याने ६.४० ला १९३० लावला, मग बँकेचा टोल फ्री नंबर. ६.५५ ला बँकेने तक्रार क्रमांक दिला. आणि ७.३० ला आणखी २५,००० गेले. एकूण १,७३,०००.

बँकेचं उत्तर आलं: ‘सर्व व्यवहार ओटीपी टाकून झाले आहेत, सबब बँक जबाबदार नाही.’ खान्देशातून चंदीगडला जाणाऱ्या तक्रारींसोबत जोडलेल्या पत्रांत हे वाक्य वारंवार दिसतं. आता नियम काय म्हणतो ते पाहा.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबाबत नियम घालून दिले. सहकारी बँकांसाठी तसेच नियम त्याच वर्षी डिसेंबरात आले. चूक किंवा हलगर्जी बँकेची असेल, तर ग्राहकाने कधी कळवलं हे न पाहता सगळं नुकसान बँकेचं. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, यंत्रणेत तिसऱ्याच ठिकाणी घात झाला, आणि ग्राहकाने कामाच्या तीन दिवसांत कळवलं, तरी त्याची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर साध्या बचत खात्याच्या ग्राहकावर प्रत्येक व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपयांची जबाबदारी येते, झिरो बॅलन्सच्या मूलभूत बचत खात्यावर ५,००० ची. सात दिवसांनंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणाप्रमाणे. ग्राहकाने स्वतःच ओटीपी किंवा पिन सांगून टाकला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं.

दिवस मोजताना मेसेज आला तो दिवस धरत नाहीत, आणि शाखेच्या कामाचे दिवसच मोजतात. म्हणजे आप्पांचा शुक्रवार सोडला, दुसरा शनिवार आणि रविवार सुट्टी, तर पहिला दिवस सोमवारचा. बुधवारपर्यंत कळवलं असतं तरी ते तीन दिवसांत बसलं असतं. कुणी तुम्हाला ‘पाच दिवस झाले, आता काही होत नाही’ म्हणालं तर कॅलेंडर समोर ठेवून मोजा.

आता आप्पांचा हिशेब लावा. शेवटचे २५,००० बँकेला कळवल्यानंतर गेलेत. ती रक्कम बँकेच्या अंगावर आहे, आप्पांची चूक असो वा नसो. भांडण उरतं पहिल्या १,४८,००० चं. फाइल उघडणं हा निष्काळजीपणा, असं बँक म्हणणार. आप्पा म्हणणार की मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही, ॲपने तो चोरला. लोकपालाने बँकेचं म्हणणं मानलं तर आप्पांना २५,००० मिळतात, आप्पांचं मानलं तर १,७३,०००. माणूस तोच, संध्याकाळ तीच, आणि निकालात दीड लाखाचा फरक. निर्णयाला वेळ लागतो तो याच प्रश्नाच्या कागदपत्रांसाठी.

आणि इथे नियमातली एक ओळ ग्राहकाच्या बाजूने उभी आहे: ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची. ‘ओटीपी टाकला गेला’ एवढ्याने ‘ग्राहकाने ओटीपी दिला’ हे सिद्ध होत नाही, असं माझं ठाम मत आहे. आसाममधल्या एका ग्राहकाचे ९४,२०४ रुपये असेच गेले होते. त्याने २४ तासांत बँकेला कळवलं होतं. उच्च न्यायालयाने बँकेला जबाबदार धरलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. प्रत्येक प्रकरणाचा निकाल तसाच लागेल असं नाही, पण तक्रारीत तुम्ही बँकेकडे विचारणा करू शकता: त्या दिवशी माझ्या खात्याला नवा फोन जोडला गेला का? जोडला गेला तर तो मेसेज मला कधी पाठवला? व्यवहार कोणत्या फोनवरून, कोणत्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) झाले? ६.५५ ला तक्रार नोंदवल्यावर खातं किती वाजता बंद केलं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बँकेला द्यायला फार जड जातं.

‘डिजिटल अरेस्ट’च्या, म्हणजे खोट्या पोलिसांनी फोनवरून दिलेल्या अटकेच्या धमकीला घाबरून ज्याने स्वतः बँकेत जाऊन आरटीजीएस केलं, त्याची बाजू इथे अवघड असते. व्यवहार त्याच्याच सहीने झालेला असतो, त्यामुळे वरचे नियम सरळ लागू होत नाहीत. तिथे जोर द्यायचा तो कळवल्यानंतर बँकेने किती वेळ घालवला यावर.

वाट पाहताना आत काय होतं

लोकपालाकडे जाण्याआधी बँकेला लेखी तक्रार करून तीस दिवस थांबावं लागतं. उत्तर आधीच आलं आणि पटलं नाही तर तीस दिवस पुरे होण्याची गरज नाही. मोठ्या बँकांत याच काळात एक पायरी ग्राहकाच्या नजरेआड असते. तक्रार पूर्ण किंवा अंशतः फेटाळायची असेल तर बँकेने ती आधी स्वतःच्या अंतर्गत लोकपालासमोर ठेवायची असते. बँकेच्या पत्रात त्याचा उल्लेख आहे का ते बघा. नसेल तर तक्रारीत तसं लिहा.

आणखी एक गोष्ट बँका आपणहून सांगत नाहीत. संमतीशिवाय झालेल्या व्यवहाराची रक्कम, कळवल्यापासून कामाच्या दहा दिवसांत, बँकेने खात्यात तात्पुरती जमा दाखवायची असते, आणि नव्वद दिवसांत ग्राहकाची जबाबदारी किती ते ठरवायचं असतं. विम्याचा दावा मंजूर होण्याची वाट बघतोय असं कारण बँकेला देता येत नाही. पासबुक भरून आणा, जमा दिसली नाही तर त्या पानाची झेरॉक्स तक्रारीला जोडा.

तक्रार चंदीगडच्या केंद्रात पोचली की पहिली चाळणी होते: ती योजनेत बसते का? बँकेकडे आधी गेलात का, मुदतीच्या आत आलात का (२०२१ च्या योजनेत ती बँकेच्या उत्तरापासून एक वर्ष), हेच प्रकरण कोर्टात किंवा ग्राहक आयोगात चालू आहे का, तक्रार वकिलाने केली आहे का? स्वतःचंच प्रकरण असल्याशिवाय वकिलाने केलेली तक्रार चालत नाही. घरचा शिकलेला मुलगा, पुतण्या, जावई असा प्रतिनिधी अधिकारपत्र देऊन नेमता येतो. पुष्कळ तक्रारी या चाळणीतच पडतात, आणि कारण बहुधा साधं असतं: बँकेला लेखी दिलंच नव्हतं. मॅनेजरसाहेबांना तोंडी सांगितलं होतं.

पोलिसांत गुन्हा नोंदवला म्हणून लोकपाल तक्रार नाकारत नाही. योजनेतच तसं स्पष्ट लिहिलं आहे. ‘आधी पोलिसांचा तपास पूर्ण होऊ द्या’ असं शाखेत सांगितलं गेलं तर ते खरं मानून घरी बसू नका.

चाळणीतून पार झालेली तक्रार लोकपालाच्या कार्यालयात जाते. तिथून बँकेला पत्र जातं आणि पंधरा दिवसांत कागदपत्रांसह उत्तर मागवलं जातं. बँक मुदतवाढ मागू शकते. उत्तर दिलंच नाही तर समोर असलेल्या पुराव्यावर लोकपाल निर्णय देऊ शकतो. मग दोघांत समेट होतो का ते पाहिलं जातं. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात: बँक काही रक्कम देऊ करते, ग्राहक हो म्हणतो, फाइल बंद. समेट झाला नाही तरच लोकपाल लेखी आदेश देतो. या योजनेत त्याला ‘निवाडा’ म्हणतात.

समेटाचा फोन किंवा मेल येतो तेव्हा घाईने हो म्हणू नका, आणि रागाने नाहीही म्हणू नका. आप्पांना बँकेने २५,००० देऊ केले तर ते नियमाने त्यांचेच आहेत, त्यात सवलत काही नाही. तोलायचा तो पहिल्या १,४८,००० चा भाग.

तक्रार क्रमांक टाकून प्रकरण कुठपर्यंत आलं ते सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पोर्टलवर दिसतं. आठवड्यातून एकदा बघितलं तर पुरे. मेल मात्र रोज बघा. लोकपालाचं कार्यालय जादा कागद मागतं, ते मेल सायबर कॅफेवाल्याच्या किंवा पुण्यात कामाला असलेल्या मुलाच्या पत्त्यावर पडून राहतं, आणि ‘तक्रारदाराने पाठपुरावा केला नाही’ म्हणून फाइल बंद होऊ शकते. हे होताना पाहिलं की जीव तुटतो, कारण बाकी सगळं बरोबर असतं. तक्रारीत रोज बघितला जाणारा मोबाइल नंबर आणि मेल द्या.

या काळात थांबायचं नसतं

लोकपालाची वाट पाहताना दुसऱ्या घड्याळांचे काटे चालूच असतात. ग्राहक आयोगात जायची मुदत प्रकरण घडल्यापासून दोन वर्षं आहे, आणि लोकपालाकडे फाइल होती म्हणून ती आपोआप वाढते असं धरून चालू नये. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी जिल्हा आयोग आहेत. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही. पण एकाच वेळी दोन्हीकडे चालत नाही: आयोगात दावा टाकलात की लोकपाल थांबतो. म्हणून फसवणुकीची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि दीड वर्ष उलटत आलं तर वकिलाशी बोला.

दुसरं, १९३० ला वेळेत कळवलं असेल तर चोराच्या खात्यात काही रक्कम गोठवली गेली असू शकते. ती सोडवायचा मार्ग वेगळा आहे. पोलिसांकडून गोठवलेल्या रकमेचा तपशील घ्यायचा आणि सहसा न्यायालयात अर्ज करायचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली तो होतो. लोकपालाच्या निकालाची यासाठी वाट पाहण्याचं कारण नाही. अर्धेमुर्धे का होईना, पैसे इकडून आधी हाती येऊ शकतात. मात्र असे पैसे मिळाले तर ते लोकपालाला कळवा.

तिसरं फार महत्त्वाचं. फसलेल्या माणसाला पुन्हा फसवणारी एक टोळी असते. ‘रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल कार्यालयातून बोलतोय, तुमची रक्कम मंजूर झाली, प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन येतो. पलीकडचा माणूस गोड मराठी किंवा हिंदी बोलतो, आणि त्याला तुमची गेलेली रक्कमही माहीत असते. लोकपालाच्या कोणत्याही टप्प्यावर पैसे भरावे लागत नाहीत. ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही, कुठलं ॲप बसवावं लागत नाही. घरातल्या म्हाताऱ्यांना हे सांगून ठेवा. अशा फोनच्या वेळी ते आशेवर बसलेले असतात, आणि आशेवरच्या माणसाला फसवणं सोपं जातं.

निर्णय आल्यावर

२०२१ च्या योजनेप्रमाणे वादातली रक्कम कितीही असू शकते, पण नुकसानीपोटी लोकपाल जास्तीत जास्त २० लाख आणि त्रास, वेळ, खर्च यांसाठी १ लाखापर्यंत देऊ शकतो. योजना आणि तिच्यातले आकडे बदलत असतात. तक्रार दाखल करताना त्या दिवशी लागू असलेली योजना पोर्टलवर बघून घ्या.

फेटाळल्याचं पत्र आलं तर त्यातला कलम क्रमांक आधी वाचा. काही कलमांखाली बंद झालेल्या तक्रारीवर तीस दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करता येतं, काहींवर नाही. ‘यासाठी सविस्तर साक्षीपुराव्याची गरज आहे’ असं कारण असेल, तर त्याचा अर्थ तुमचं म्हणणं खोटं ठरलं असा होत नाही. साक्षी तपासण्याची सोय लोकपालाकडे नाही, ती ग्राहक आयोगात किंवा दिवाणी न्यायालयात आहे. हे पत्र जपून ठेवा, पुढच्या दाव्याला जोडायला लागतं.

निवाडा तुमच्या बाजूने लागला तरी पैसे आपोआप येत नाहीत. तो मिळाल्यापासून तीस दिवसांत तुम्ही बँकेला लेखी स्वीकृतीपत्र द्यायचं असतं. नाही दिलं तर निवाडा रद्दबातल होतो. स्वीकृतीपत्रात दावा पूर्णपणे मिटल्याचं तुम्ही मान्य करता, त्यामुळे रक्कम अपुरी वाटत असेल तर सही करण्याआधी, त्याच तीस दिवसांत, अपिलाचा विचार करा. स्वीकारलं तर पत्र शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या, किंवा स्पीड पोस्टाने पाठवून पावती ठेवा. पत्र मिळाल्यापासून बँकेला पैसे देण्यासाठी तीस दिवस असतात. बँकही अपील करू शकते, पण त्यासाठी तिला वरिष्ठ पातळीवरची मंजुरी लागते. एकतिसाव्या दिवशी खात्यात जमा दिसली नाही, तर निवाडा, स्वीकृतीपत्राची पोच आणि पासबुकाचं ताजं पान जोडून त्याच लोकपाल कार्यालयाला लगेच कळवा.